खाडीपलीकडचा पांढरा गहू

लोक कोकणात समुद्र बघायला जातात. मला गहू बघायला पाठवलं होतं. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी आमच्या खात्यात नोकरीसाठी अर्ज करू नये. माझ्या दौऱ्याचा कागद सहा टेबलांवरून फिरून आला होता आणि सहाही जणांनी चेहरा न हलवता त्यावर सह्या केल्या होत्या.

मी शेतकी खात्यात पिकांच्या रोगांचा सहायक. गाव गोदावरीच्या काठी, जिथे गव्हाशिवाय हिवाळा म्हणजे काय ते कुणाला माहीत नाही. ही हकिगत महाराष्ट्र राज्य होण्याच्या एक-दोन वर्षं आधीची. धान्याची टंचाई होती, रेशनवर परदेशी लाल गहू यायचा आणि वरून रोज विचारणा व्हायची की तुम्ही काय करताय. आमचे साहेब त्याच सुमाराला एकदा कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्याने लाँचमधून गेले. लाँचमधून त्यांना भातकापणी झालेली शेतं दिसली. ती शेतं रिकामी आहेत असं त्यांच्या मनाने घेतलं. प्रत्यक्षात त्या शेतांत भातामागून वाल पेरलेला असतो. पण वाल वीतभर उंच आणि लाँच मैलभर लांब, त्यामुळे दोष कुणालाच देता येत नाही. परत आल्यावर साहेबांनी रेवदंड्याच्या खाडीपलीकडे एका शेतात गव्हाचा प्रयोग लावला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथल्या ग्रामसेवकाचं पत्र आलं की गहू पक्व होऊन पांढराशुभ्र झाला आहे. गोदावरीकाठच्या आमच्या संशोधन केंद्रावरचा गहू तेव्हा हिरवागार होता, ओंब्यांत नुसतं दूध भरत होतं. साहेबांनी पत्रातल्या ‘पांढराशुभ्र’ या शब्दाखाली लाल पेन्सिलीने दोनदा रेघ मारली. कोकणात गहू देशापेक्षा महिनाभर आधी तयार होतो, हा शोध त्यांच्या नावावर लागला होता. पुढच्या हंगामात त्या सगळ्या खाडीपट्ट्यात वालाऐवजी गहू लावायचं ठरलं. कुणीतरी जाऊन, बघून, ‘होय, खरं आहे’ एवढं लिहायचं तेवढं उरलं होतं. पीकशाखेतल्या एका गृहस्थांच्या घरी लग्न निघालं, दुसऱ्यांना लाँच लागते. उरलो मी.

“पण मी रोगांचा माणूस आहे, साहेब,” मी म्हणालो.

“तेच बरं आहे,” साहेब म्हणाले. “रोग नाहीच आहे, तेव्हा तुम्हाला काम कमी. येताना प्रदर्शनासाठी ओंब्यांची एक चांगली पेंढी घेऊन या.”

रेवस, रेवदंडा आणि चिखल

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. समुद्राबद्दल मी काही लिहिणार नाही. निम्म्या वाटेपर्यंत मी तो पाहिला आणि पुढच्या निम्म्या वाटेत त्याच्याकडे पाहायचं टाळलं. माझ्या मांडीवर सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी होती. ती मी लेकरासारखी धरून होतो, कारण तिच्यासाठी मी तीन प्रतींत सही केली होती आणि स्वतःच्या जिवासाठी एकाही प्रतीत केली नव्हती.

रेवसहून एस.टी.ने अलिबाग, तिथून रेवदंडा. रेवदंड्याला सगळ्या वाऱ्याला सुक्या मासळीचा वास होता. बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आमच्याकडे दोरीवर धोतरं वाळतात तसे. ज्या खाणावळीत उतरलो तिथल्या मालकाने मला शाकाहारी आहे का विचारलं. मी मटण खातो, मासळी कधी खाल्लेली नाही, असं सांगितल्यावर त्याने वरणभात वाढला आणि आजारी माणसाला विचारावं तसं अधूनमधून येऊन विचारत राहिला, बरं वाटतंय ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी ओलांडायची होती. ओहोटी लागलेली, तरीची होडी काठापासून लांब उभी. तरीवाला कोळी गुडघाभर चिखलात उभा राहून माणसं उतरवून घेत होता.

“आधी पेटी घ्या,” मी म्हणालो. “पेटी सांभाळा.”

त्याने पेटी डोक्यावर घेतली आणि सरळ चालू पडला. मी त्याच्या पावलावर पाऊल टाकत निघालो. चिखलात पाऊल टाकायचीही एक रीत असते आणि ती नाशिक जिल्ह्यात शिकवत नाहीत. चौथ्या पावलाला मी कमरेपर्यंत बसलो. तरीवाल्याने मागे वळून पाहिलं, पेटी होडीत नीट ठेवली, मग सावकाश येऊन मला उपटून काढलं.

पलीकडे पोचेपर्यंत तो वल्हं मारत राहिला. उतरताना म्हणाला, “भजनाला कुठं चाललाव?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याने पेटी म्हणजे वाजवायची पेटी समजून ती एवढी जपली होती. तसं नाही म्हणून सांगितलं असतं तर पुढच्या वेळी तो मला आधी उचलेल आणि पेटी नंतर, अशी भीती वाटून मी गप्प राहिलो.

गाव

पलीकडच्या काठावर ग्रामसेवक ठोसर सायकल घेऊन उभे होते. चाळिशी उलटलेले, पांढरी टोपी, अंगात खादीचा सदरा. सायकल त्यांना सरकारने दिली होती आणि रस्ता दिला नव्हता, म्हणून ती ते हाताने ढकलत. काशीदच्या बाजूला काही अंतर चालून आम्ही डोंगराकडे आत वळलो. गावाचं नाव लिहीत नाही. ते माझ्या अहवालात आहे आणि तिथे ते अगदी सुरक्षित आहे.

ज्यांच्या शेतात प्रयोग होता त्यांचं नाव धर्मा म्हात्रे. पन्नाशीचा काटक माणूस. नमस्कार करून तो जो उभा राहिला तो उभाच. मी बसा म्हटल्यावर ठोसरांकडे बघून मग बसला. त्याची बायको पारूबाई दारात आली, माझे चिखलाने वाळून ताठ झालेले कपडे तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि काही न विचारता आत जाऊन नवऱ्याचं धुतलेलं धोतर आणून दिलं. खात्याचा प्रतिनिधी म्हणून पुढचा सगळा मुक्काम मी धर्माच्या धोतरात वावरलो.

दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, असं जेवण आलं. जवळ्याला मी हात लावला नाही आणि बिरडं तीनदा मागून घेतलं.

“वाल तुमच्या शेतातले?” मी विचारलं.

“न्हाय. भावाकडून आनलं,” पारूबाई म्हणाली. “औंदा आमच्याकडं गहू हाय.”

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे असं सांगावं त्या आवाजात तिने ते सांगितलं.

माझ्या डब्यात घरच्या पोळ्या उरल्या होत्या. त्या मी तिला दिल्या. तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

“चांगली हाय. सनाला करतो आमी. तुमी रोज खाता?”

“रोज.”

“मंग भात कवा खाता?”

“सणाला.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चौथ्यांदा, न मागता, बिरडं वाढलं.

मग आम्ही शेतावर गेलो. बांधावरूनच गहू दिसला आणि पत्रात एक शब्दही खोटा नव्हता. विहिरीच्या रहाटापासून जवळजवळ डोंगराच्या पायथ्यापर्यंत ओंब्या पांढऱ्याफेक, वाऱ्यावर नुसत्या सळसळत होत्या. ठोसरांचा चेहरा उजळला. मी एक ओंबी खुडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. तळहातावर काहीच राहिलं नाही. दुसरी चोळली. तिच्यात तीन दाणे निघाले, जिऱ्याएवढे, सुरकुतलेले.

“दाणा जरा बारीक आहे,” ठोसर म्हणाले, “पण लवकर आहे.”

मी एक झाड बुंध्याशी धरून ओढलं. ते सहज हातात आलं. या वयाचं गव्हाचं झाड उपटायला खुरपं लागतं. नुसतं ओढलं तर पाती तुटतात, मूळ सुटत नाही. हे झाड जमिनीत उगवलेलं नव्हतं, नुसतं खोचून ठेवल्यासारखं होतं.

“हे झाड पिकलेलं नाही, ठोसर. मेलेलं आहे.”

ठोसरांनी खिशातून छापील तक्ता काढला. त्यात उगवण, वाढ आणि पक्वता असे तीनच रकाने होते. “मरणाला रकाना नाही, साहेब,” ते म्हणाले. विनोद म्हणून ते हे बोलले नव्हते. तीन महिने त्या माणसाने समोर जे दिसलं ते उपलब्ध रकान्यांत बसवलं होतं, आणि माझ्या खात्यात याच गुणावर लोक निवृत्तीपर्यंत पोचतात.

परत फिरताना मला शेताच्या डोंगराकडच्या एका कोपऱ्यात थोडं हिरवं दिसलं.

“तिकडे काय आहे?”

“तिकडे नको, साहेब,” ठोसर घाईने म्हणाले. “तो कोपरा जरा मागास आहे.”

धर्मा पायाच्या अंगठ्याने बांधाची माती उकरत राहिला.

संध्याकाळी गावकऱ्यांनी पोपटी लावली. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, त्यात वालाच्या शेंगा मीठ घालून भरतात, मडकं पालथं घालून वर काटक्यांचा जाळ करतात. मडक्याच्या तोंडचा पाला काढल्यावर जो वास येतो तो कुठल्याही सरकारी तक्त्यात बसणारा नाही. शेंगा खाता खाता एका म्हाताऱ्याने मला विचारलं की पेटी कधी उघडणार. तरीवाल्याने बातमी पोचवली होती. ती भजनाची पेटी नाही, तिच्यातून मुंग्यांच्या पायावरचे केस दिसतात असं मी सांगितलं. म्हाताऱ्याला मनापासून वाईट वाटलं.

“फुडल्या सालाला पोपटीला शेंगा कुठनं आनायच्या?” अंधारू लागल्यावर पलीकडून कुणीतरी म्हणालं.

“गव्हाची लावू पोपटी.”

सगळे हसले. मग मी तिथे बसलोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि एकेक जण शेंगा सोलण्यात फार गढून गेला.

मुळं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोसरांना सायकलसकट एका कामावर पाठवून दिलं आणि धर्माला घेऊन आधी त्या मागास कोपऱ्यात गेलो.

तिथला गहू हिरवा होता. आमच्या केंद्रावर असतो तसाच, म्हणजे थोडा पुढे, कारण इथल्या उबेने गहू घाई करतोच. ओंबी चोळली तर बोटांना दूध लागलं. तिथलं एक झाड काढायला मला खुरपं चालवावं लागलं आणि ढेकूळ निघालं ते घागरीएवढं. मग पांढऱ्या गव्हातली काही झाडं तशीच खणून काढली, विहिरीवर बादलीत सगळी मुळं धुतली आणि केळीच्या पानावर शेजारी शेजारी मांडली.

गव्हाला मुळं दोनदा फुटतात. पहिली दाण्यातून; बारीक, चार-पाच, रोपाला जगवण्यापुरती. पुढे तीनेक आठवड्यांनी, जमिनीच्या जरा खाली जिथे खोड आणि मूळ मिळतात त्या सांध्यातून दुसरी फुटतात. ती जाड, सगळीकडे पसरणारी, झाडाचं खरं पोट भरणारी. हिरव्या झाडाच्या सांध्यातून अशी मुळं दीड वीत लांब उतरली होती आणि त्यांच्या बारीक केसांना धुतल्यावरही माती चिकटून होती. पांढऱ्या झाडांचा तोच सांधा चहाच्या डागासारखा तपकिरी पडला होता. काहींना दुसरी मुळं फुटलीच नव्हती. काहींना फुटून बोटाच्या पेराएवढी झाली होती आणि तिथेच काळी पडून थांबली होती. म्हणजे ही झाडं तीन महिने त्या पहिल्या चार बारीक मुळांवर तगली. थंडी होती तोवर भागलं. ऊन चढलं, ओंबी बाहेर पडली, दाण्याला पाणी हवं झालं तेव्हा खालून पाणी येईना आणि ओंबी जागच्या जागी वाळून पांढरी झाली. तीच आमच्या साहेबांची पक्वता.

सांध्यावरचं पान सोलून भिंगाखाली धरलं तर आत फिकट गुलाबी बुरशी होती. ही माझ्या ओळखीची. ही जुन्या गव्हाच्या काडात राहते, त्याच्या पेरांत, आणि नवा गहू आला की त्याच्या सांध्यात शिरते. अडचण एवढीच होती की या गावात याआधी कधी गहू पेरलेला नव्हता. मग तिचा मुक्काम कुठे होता?

मी पांढऱ्या गव्हाखालची माती चाळली आणि मला काडाचे तुकडे सापडले. चकचकीत, पोकळ, भाताचा पेंढा असा नसतो.

“हे कुठून आलं, धर्मा?”

“तुमीच धाडलं,” धर्मा म्हणाला. “लारीनं रेवदंड्यापत्तर, मंग होडीनं. ओल ऱ्हाते म्हनून पेरायच्या आदी मातीन मिसळाया सांगितलं. आमी तुमी सांगितलं तसं केलं.”

काड आमच्या केंद्रावरचं होतं. ज्या रोगाचा मी माणूस, तो रोग मीच ज्या आवारात बसतो तिथून लॉरीत आणि होडीत बसून आला होता. त्याच्या होडीचा प्रवास माझ्यापेक्षा सुखाचा झाला असावा. मी उठून हिरव्या कोपऱ्यात गेलो, तिथली माती चाळली. काडाचा एक तुकडा मिळाला नाही.

“इथे का नाही मिसळलं?”

“मिसळलं की.”

“मग गेलं कुठे?”

“गुरांनी खाल्लं आसंल.”

गुरं पेरलेल्या जमिनीतून एकेक काडी वेचून खातात हे मला नवीन होतं. बियाणं एक, पाणी एक, हात एक. फरक फक्त काडाचा. पण तो धर्माने कबूल केल्याशिवाय माझ्या अहवालात त्याला किंमत नव्हती. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा गुरांवर ढकललं, आणि त्याच्या कपाळावर घाम आला तेव्हा मी थांबलो.

गोठा

दुपारी जेवताना पारूबाई समोर बसून राहिली. भाकरी वाढून झाली तरी उठली नाही. धर्मा बाहेर तोंड करून ओटीवर बसला होता.

“सायेब, त्याला इचारू नका,” ती म्हणाली. “मना इचारा. काड मी नेलं.”

मी भाकरीचा घास खाली ठेवला.

“म्हस व्याला झालेली. गोठ्यान खाली सगली ओल. पेंढा घातला तर उन्हाल्यान गुरांना काय घालू? तुमचं काड पडलेलं बांधावर. दोन भारे न्हेले, तिच्या खाली आथरले. म्हनून त्या कोपऱ्याला काड न्हाय. त्याच्यानं तो कोपरा पिकला न्हाय. समदा गहू पांढरा झाला, तेवढा हिरवा ऱ्हायला. ग्रामसेवकांनी धन्याचा आंगठा घेतलेला कागदावर, सरकारी माल म्हनून. तुमी चवकशीला आलाव ते आमाला म्हाईत हाय. माझा गुन्हा हाय, त्याचा न्हाय.”

मला कळायला थोडा वेळ लागला. ही दोघं तो हिरवा कोपरा महिनाभर रोज बघत होती आणि रोज घाबरत होती. जो गहू जिवंत होता तो त्यांना आपल्या चोरीचा पुरावा वाटत होता. काल मी चिखलात माखून दारात उभा राहिलो तेव्हा माझी पेटी पाहून त्यांना काय वाटलं असेल, याचा मी विचारही केला नव्हता.

“पारूबाई, तुम्ही ते काड नेलंत म्हणून तो कोपरा वाचला,” मी म्हणालो. “मेलाय तो पांढरा गहू.”

तिने माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. सरकारी माणूस सरकारी गहू मेला म्हणतोय, यात काहीतरी डाव असणार असं तिला वाटत होतं. मी तिला गोठ्यात घेऊन गेलो. म्हैस आणि तिचं रेडकू बाजूला करून, धर्माचं धोतर वर खोचून, मी शेणात गुडघे टेकले आणि तळातून काडाच्या काही काड्या ओढून काढल्या. पेरांवर तीच फिकट गुलाबी बुरशी होती. एवढा आनंद मला नोकरीत फार थोड्या वेळा झाला आहे आणि तो होताना माझ्या पाठीवर म्हशीची शेपटी बसत होती.

पेटी अंगणात उन्हात उघडली. आरशाने ऊन आत घेतलं आणि काचेवर बुरशीचा कण ठेवला. आधी मी पाहिलं, मग धर्माने. त्याने बराच वेळ डोळा काढला नाही. मग पारूबाई वाकली.

“होड्या हायत,” ती म्हणाली. “बारक्या बारक्या. वाकड्या.”

“तेच. त्या होड्या गव्हाच्या सांध्यात शिरतात.”

मग मी झाडांचा सांधा चिरून दाखवला, मुळं दाखवली. वालाच्या मुळांशी तिचा आयुष्यभराचा व्यवहार होता. तिला समजावून सांगावं लागलं नाही. खुंटलेली मुळं बोटाने चाचपून ती म्हणाली, “हे जेवलंच न्हाय तर पिकंल कसं.” माझ्या अहवालात यासाठी पाऊण पान गेलं आहे.

अवघड भाग पुढे होता. मी दोघांना समोर बसवून सांगितलं की हे साहेबांना पटवायचं तर कोपऱ्यात काड का नव्हतं ते लिहावं लागेल. नाव लिहावं लागेल. नाव गाळलं तर कागदावर फक्त माझं म्हणणं उरेल आणि माझ्या म्हणण्याला आजवर कुणी लाल रेघ मारलेली नाही.

“शिक्षा व्हईल?” धर्माने विचारलं. त्याने आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“व्हायला नको. पण नाही होणार असं मी सांगू शकत नाही.”

“आनि लिवलं तर वाल पेरू देतील?” पारूबाईने विचारलं.

“तेही मी सांगू शकत नाही.”

“न्हाय लिवलं तर?”

“तर सगळ्या गावात गहू लावतील. काडासकट.”

तिने एकदा म्हशीकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग लिवा. माझं लिवा. याचं नको.”

मी लिहिलं, तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा केला. ठोसर संध्याकाळी आले, त्यांनी अहवाल वाचला आणि खिशातला छापील तक्ता काढला. त्यांनी तीन महिने पाठवलेल्या तक्त्यांचं काय होणार, असं त्यांनी विचारलं. तुम्ही जे दिसलं तेच लिहिलं असं मी नमूद केलंय, म्हणून सांगितलं. ते खरं होतं. ठोसरांनी मग साक्षीदार म्हणून सही केली. त्या माणसाबद्दल मी आधी जे वाईट लिहिलं त्यातलं निम्मं मागे घेतो.

परतीला

परतीच्या प्रवासात भरती होती आणि मी चिखलात बसलो नाही, एवढं सांगून ती वाट सोडतो.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “ओंब्या आणल्या?”

मी पेंढी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती प्रेमाने उचलली. मी एक ओंबी घेऊन त्यांच्या टेबलाच्या काचेवर चोळली. साहेब कोंड्याकडे पाहत राहिले.

“दाणे वाटेत गळले असतील,” ते म्हणाले.

मग मी मुळं ठेवली, हिरव्या झाडाची आणि पांढऱ्या झाडाची, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली.

“प्रदर्शनात मुळं कोण बघतं?” साहेब म्हणाले. पण अहवाल त्यांनी वाचला. काड कुठून आलं त्या ओळीपाशी येऊन थांबले. उठून त्यांनी स्वतः दार लावलं. “आपल्या प्रक्षेत्रावर रोग आहे असं लिहिताय तुम्ही?”

“रोग आहेच, साहेब. मी फक्त तो जिथे भेटला तिथून लिहिलंय.”

“बरं,” ते म्हणाले. “ठेवून जा.”

दीड-दोन महिन्यांनी हुकूम निघाला. त्याची एक प्रत माझ्याकडे आली. बुरशीचा त्यात उल्लेख नव्हता. ‘काही झाडांची वाढ अन्य कारणांनी खुंटली’ एवढ्यात माझी दीड वीत मुळं संपली होती. पुढे लिहिलं होतं की पारूबाई धर्मा म्हात्रे या स्थानिक शेतकरी महिलेने खात्याच्या सूचनेविरुद्ध काड परस्पर हलवल्याने प्रयोगाची शास्त्रीय शुद्धता भंगली. सदर पट्ट्यातील शेतकरी गव्हासारख्या प्रगत पिकास अद्याप तयार नाहीत. सबब योजना रद्द करण्यात येत आहे.

मी त्यावर एक टिपण लिहून पाठवलं. ते ‘पाहिले’ असा शेरा मारून परत आलं. मग मी केंद्राच्या मुकादमाला सांगितलं की काडाच्या गंजीत मोठा साप शिरताना पाहिला. रोगाचं दोन वर्षं सांगून जी गंजी हलली नव्हती ती त्याच दुपारी जाळली गेली. त्या खात्यात मी केलेलं हे बहुधा एकमेव उपयोगी काम, आणि ते खोटं बोलून केलं.

पारूबाईबद्दल मात्र मला चैन पडेना. तिचं नाव मी लिहिलं होतं. तिच्या हातून वाचलेला कोपरा कागदावर तिचा अपराध झाला होता. शिक्षा काही झाली नव्हती, पण हुकूम गावात वाचून दाखवणं ठोसरांना भाग होतं. मी त्यांना पत्र लिहून विचारलं की तिने काय म्हटलं. उत्तर यायला पाऊस संपावा लागला.

ठोसरांनी लिहिलं होतं की चावडीवर सगळे जमले होते. हुकूम वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही, कारण शेवटची ओळ सोडून कुणाला काही कळलं नव्हतं आणि शेवटची ओळ सगळ्यांना नीट कळली होती. धर्मा मान खाली घालून बसला होता. मग पारूबाई पुढे आली आणि तिने आपलं नाव कागदावर कुठे आहे ते विचारलं. ठोसरांनी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं.

“आनि वाल कवा पेरायचं, ते लिवलंय का यान?” तिने विचारलं.

ठोसरांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि नाही म्हणून सांगितलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मंग ते आमचं आमी बगू.”